वर घ्यायचा शब्द

१२ ऑगस्ट

अक्का,

पाया पडतो. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही. त्यामुळं आपलं बोलणं 'जेवलास का' आणि 'जेवलो' याच्या पुढं जात नाही. म्हणून हा कागद. हर्षाली वाचून दाखवेल. सूनबाई, सावकाश वाच, आणि तुझी सासू मधेच काही विचारायला लागली तर थांबत जा.

मी बरा आहे. इथं पाऊस लागून आहे, पण बंदराला समुद्राच्या बाजूनं दगडांचा लांब बांध घातलाय. त्याच्या आतलं पाणी तळ्यासारखं राहतं, म्हणून काम बंद पडत नाही. तू विचारलं होतंस की तिथं नेमकं काय येतं. सगळंच येतं, अक्का. एका धक्क्यावर कोळसा उतरतो. दुसऱ्यावर बॉक्साइटची लाल माती जहाजात भरतात, ती अंगावर बसली की आंघोळीचं पाणी कुंकवासारखं होतं. लोखंडी पत्र्याची भेंडोळी येतात, एकेक तुझ्या ओसरीएवढं. मागं मळीच्या टाक्या आहेत. तिकडून वारा आला की मला वाटतं आपल्या साखर कारखान्याच्या रस्त्यावर उभा आहे. गेल्या आठवड्यात साखरेची पोती जहाजात चढली, त्यांच्यावर आपल्याच भागातला शिक्का होता. कुणी बघत नाही असं पाहून मी एका पोत्यावरून हात फिरवला.

माझं काम तुला एकदा समजावून सांगतो. क्रेनवाला उंचावर बसतो. जहाजाच्या पोटात काय चाललंय ते त्याला दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे मी. खाली उभा राहून मी हातानं खुणावतो आणि वॉकीटॉकीवर सांगतो. 'हबेस' म्हणजे वर घे. 'आरिया' म्हणजे खाली सोड. हे शब्द कुठल्या मुलखातले ते कुणालाच ठाऊक नाही, जुन्या खलाशांकडून आलेत. पण इथं मराठी, कानडी, बिहारी, सगळ्यांना कळतात.

सध्या पवनचक्कीची पाती उतरवतोय. लांबच लांब पांढरी पाती. नळदुर्गच्या पुढं, आपल्या जळकोटच्या माळावर नव्या पवनचक्क्या उभ्या राहतायत ना, त्यांचीच. हायवेनं जातील तेव्हा बघ.

आपला धाकटा अमर आणि मी एकाच पाळीत आहोत. मोठ्या क्रेनवर तोच असतो. आमचं रोज बोलणं होतं. तू काळजी करू नकोस.

आईच्या जोगव्याच्या परडीला मंगळवारी हळदकुंकू वाहतेसच. माहेरची परडी अशी तुझ्या सासरच्या खुंटीला अडकून राहावी हे बरं नाही, मला कळतं. बघू.

तुझा,
महारुद्र


२९ ऑगस्ट

अक्का,

पकडलंस. शिवलीलेनं हर्षालीला फोनवर सांगितलं असणार. शिवलीला अमरची बायको, तिला घरातलं माहीत असायचंच.

पण मी खोटं लिहिलं नव्हतं. आमचं बोलणं रोज होतं. मी म्हणतो 'हबेस', तो वर घेतो. मी म्हणतो 'आरिया', तो खाली सोडतो. आई गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, आम्हा दोघा भावांत एवढेच दोन शब्द आहेत. पाळी संपली की तो त्याच्या खोलीवर जातो, मी माझ्या.

तू लिहिलंयस की घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दोघांनी एकत्र येऊन परडी न्यावी, नाहीतर तू ती तुळजापूरला जाऊन देवीच्या पायाशी ठेवून येशील. 'एकटा आलास तर दारातूनच परत पाठवीन.' हे वाक्य हर्षालीनं तुझ्या तोंडचं जसंच्या तसं उतरवलंय. अक्षरातसुद्धा तुझा आवाज आला.

परडी देवीच्या पायाशी गेली तर देवीला काही वाईट वाटायचं नाही. तिचीच वस्तू आहे. पण आपल्या घरातून जोगवा जाईल. आजीनं मागितला, आईनं मागितला. मंगळवारी आणि शुक्रवारी कवड्यांची माळ गळ्यात घालून पाच घरं. कुणी पसाभर जोंधळे, कुणी मूठभर पीठ. आपल्या घरात धान्य असायचं तरी आई जायची. म्हणायची, मागितल्याशिवाय माणूस वाकत न्हाय.

अमर नवसाचा, म्हणून आईनं जाता जाता माळ त्याच्या हातात दिली. आणि आईचे दिवस झाले त्या दुपारी तो सगळ्यांसमोर म्हणाला, 'क्रेनवर बसणाऱ्यानं दारोदार पीठ मागत फिरायचं व्हय?' मी काय म्हणालो ते तुला माहीत आहे. हर्षालीच्या तोंडून पुन्हा वदवून घेत नाही. त्याच संध्याकाळी तू परडी उचलून तुझ्या घरी नेलीस.

त्याचं म्हणणं वाऱ्यावरचं नव्हतं. शाळेत आपल्याला पोरं 'पीठमागे' म्हणायची. मला म्हणायची तेव्हा मी खाली मान घालून जायचो. अमर मारामाऱ्या करायचा. ज्यानं मार खाल्ला त्याला तो शब्द जास्त लागतो.

पण मी त्याच्याशी आधी बोलायचं कसं? धाकटा तो आहे.

महारुद्र


९ सप्टेंबर

अक्का,

हर्षालीचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसलो. पाती घेऊन जाणारा ट्रेलर तुमच्या हायवेवरच्या ढाब्यावर थांबला आणि तू शेजारच्या कस्तुराबाईला घेऊन, हळदकुंकवाची कोयरी हातात धरून गेलीस. ड्रायव्हर म्हणाला, 'आजी, ये कोई भगवान थोडी है?' आणि तू म्हणालीस, 'माझ्या दोन्ही भावांचा हात लागलाय त्याला.' मग त्यानं मुकाट्यानं तुला पायरीवर चढू दिलं.

घाट चढायलाच त्या ट्रेलरला कितीतरी दिवस लागले असतील. इथून जाताना त्याच्यावर मिठाचा थर होता, तिथं पोचताना तुझं कुंकू लागलं.

दोन्ही भावांचा हात. या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. खरं बघता अमरचा हात पात्याला लागत नाही, माझाही लागत नाही. तो दांडा हलवतो, मी पंजा हलवतो. तरी पातं उतरतं.

म्हणून परवा कँटीनमध्ये मी धीर करून त्याच्या टेबलावर जाऊन बसलो. तिथं वीरप्पाही होता. हा विजयपूरकडचा, बोजा ट्रेलरवर बसवून बांधायच्या टोळीतला. मोठा बोलका माणूस. अमरनं माझ्याकडं न बघता त्याला सांगितलं,

'वीरप्पा, ह्यांला सांग, आमटी तिखट हाय. ह्यांला सोसत न्हाय.'

मी म्हणालो, 'वीरप्पा, त्याला सांग, मला सोसतं आता.'

वीरप्पानं भाकरी खाली ठेवली. 'म्या काय पोस्टमन हाय का रे? समोरासमोर बसल्यात, आन मधी माझी वॉकीटॉकी केल्यात. बॅटरी उतरली माझी!'

सगळं टेबल हसलं. अमरच्या ओठाचा एक कोपरा हलला, मी पाहिला. पण तो ताट घेऊन उठला. आमटीचं त्याच्या लक्षात आहे एवढं कळलं. अर्धी वाटीच घेतली मी. तिखट होतीच.

रजेचा अर्ज मी दिलाय. त्यानं दिलाय का, ते विचारलं नाही.

महारुद्र


१५ सप्टेंबर

अक्का,

आधी हे वाच. सगळे जिवंत आहेत. अमर बरा आहे, मी बरा आहे. वीरप्पाचा पाय मोडलाय, पण पाय जागेवर आहे. डॉक्टर म्हणाले, जुळेल. हर्षाली, अक्काला हे दोनदा वाचून दाखव, मग पुढं जा.

आज दुपारी जहाजातलं शेवटचं पातं उतरवत होतो. सकाळी वारा होता म्हणून थांबलो होतो, तो पडला तेव्हा काम सुरू केलं. पात्याचं बुडखं, म्हणजे बुडाकडचं जाड टोक, फार जड असतं. ते ट्रेलरवरच्या लोखंडी चौकटीत बसवतात, खाली लाकडी ठोकळे असतात. वीरप्पानं ठोकळे लावले आणि तो मागं सरला. ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि मगच म्हणालो, 'आरिया. आरिया. हळू आरिया.'

बुडखं टेकत आलं तेवढ्यात पलीकडचा एक ठोकळा कलला असावा. तो नीट करायला वीरप्पा पलीकडून परत आत चढला. मधे एवढं मोठं पातं आडवं. मला तो दिसला नाही, वर अमरलाही दिसला नाही. मला त्याची किंकाळी ऐकू आली.

पाय चौकटीत आणि वर बोजा. अशा वेळी 'थांब' म्हणून उपयोग नाही, थांबलं की ओझं तिथंच थांबतं. वर घ्यायला पाहिजे होतं, आणि लगेच. मी वॉकीटॉकी तोंडाशी धरली, आणि अक्का, मला शब्द आठवेना. दिवसभर जो शब्द जिभेवर असतो तो 'हबेस' कुठं गेला कळलं नाही. तोंड उघडलं आणि पोटातून जे आलं तेच बाहेर पडलं.

'उदो!' मी ओरडलो. 'उदो, उदो!'

विचार कर. वर दुसरा कुणी असता तर त्यानं विचारलं असतं, काय म्हणालास? त्याचं काही चुकलं नसतं. न कळलेल्या शब्दावर बोजा हलवायचा नाही असा नियमच आहे. पण विचारण्यात जेवढा वेळ गेला असता तेवढ्यात पाय गेला असता.

पातं वर उचललं गेलं. झटका नाही, हेलकावा नाही. तव्यावरची भाकरी आई बोटांनी उचलायची तसं. टोळीतल्या लोकांनी वीरप्पाला बाहेर ओढला. पातं तिथंच हवेत थांबून राहिलं.

माझ्या हातातल्या यंत्रात नुसती खरखर होती. मग त्या खरखरीतून अमरचा आवाज आला. हळू, देवळात मागच्या रांगेतून यावा तसा.

'उदो, उदो.'

सगळ्या धक्क्यावर ते यंत्र असणाऱ्यांनी ऐकलं. एकानं म्हणावं आणि बाकीच्यांनी झेलावं, तसं त्यानं झेललं. तीन वर्षांनी त्यानं मला दोन शब्दांपलीकडचं काही म्हटलं, ते हे.

कालच तुळजापुरात देवी नवरात्राआधीच्या घोर निद्रेला पलंगावर गेली, आणि आज मी असा ओरडलो. तिची झोप मोडली असेल तर तिनं पोटात घालावं.

अमर खाली उतरला आणि वीरप्पाबरोबर गाडीत बसून दवाखान्यात गेला. माझ्याशी बोलायला वेळ नव्हता. मी धक्क्यावर बसून राहिलो.  

आणखी एक आहे. चौकशी होईपर्यंत मला खुणेच्या कामावरून काढलंय. चुकीचा शब्द वापरला म्हणून. हे मनाला लावून घेऊ नकोस. मीही घेत नाही. फारसं.

महारुद्र


१८ सप्टेंबर

अक्का,

चौकशी झाली. शेवट आधी सांगतो म्हणजे हर्षाली घाईनं वाचणार नाही. काम राहिलं. सुट्टीवरून आलो की थोडे दिवस नव्यानं शिकायचं आणि मग परत धक्क्यावर.

सुरक्षेचे साहेब तरुण आहेत, विदर्भातले. बोलणं नीट आणि स्वच्छ. त्यांनी आधी मला विचारलं, तेव्हा मी जे झालं ते सांगितलं. मग अमरला बोलावलं. मी तिथंच बाकावर होतो.

'सिग्नल काय मिळाला?'

'उदो,' अमर म्हणाला.

'हा शब्द आपल्या यादीत आहे का?'

'न्हाय साहेब.'

'मग तुम्ही बोजा वर कसा घेतला?'

 मला वाटलं आता हा म्हणेल, माझं मला दिसलं, मी घेतलं. तसं म्हटलं असतं तर त्याची शाबासकी झाली असती आणि माझं काम गेलं असतं. तो म्हणाला,

'साहेब, आमच्या घरात उदो म्हणलं की हात वरच जातेत. खाली न्हेत न्हाय कुणी. आई परडी उचलायची तवा म्हणायची, पोत पेटवून वर धरायची तवा म्हणायची. आण्णांनी हबेस म्हणलं असतं तर हातानं घेतलं असतं. उदो म्हणलं, म्हणून लई जपून घेतलं.'

साहेबांनी पेन उचललं. 'हा शब्द लिहायचा कसा? उ पहिला की दुसरा?'

'ते आण्णांना इचारा. त्यांचं शुद्धलेखन चांगलं हाय. शाळेत म्या मारामाऱ्यांत असायचो.'

साहेब हसले आणि मग लगेच गंभीर झाले. म्हणाले, 'महारुद्र, या वेळी वर तुमचा भाऊ होता. पुढच्या वेळी कुणीही असेल. तोंडात एकच शब्द बसला पाहिजे.' मी म्हणालो, तुमचं बरोबर आहे. आणि बरोबरच आहे, अक्का. देवीचं नाव संकटात घ्यावं, पण क्रेनला क्रेनच्या भाषेत सांगावं. मी रोज खोलीवर 'हबेस' घोकतोय. शेजारचे म्हणतात, कुठला मंत्र?

बाहेर आलो. जहाजाचे दोर बांधायला धक्क्यावर लोखंडी खुंट असतात, त्यातल्या एकावर अमर जाऊन बसला. मी पुढं चालत राहिलो.

'आण्णा.'

थांबलो.

'देवी निजल्यावर वरडतेत व्हय असं?'

'तूबी वरडलास की.'

'म्या हळू म्हणलो.' मग थोडा सरकून त्यानं खुंटावर जागा केली. ती जागा एका माणसाला पुरेल एवढीही नव्हती. तरी मी बसलो.

 पलीकडं बॉक्साइट भरणं चालू होतं, लाल धूळ पाण्यावर पसरत होती. मग तोच बोलला.

'वर बसून म्या दिवसभर काय बघतो सांगू? तुमचा हात. खाली एवढाएवढासा माणूस, हात पसरून हुबा. त्यो हात हलल्याबिगर माझी क्रेन हलत न्हाय. पयल्यांदा वाटायचं, ह्यो माझ्याकडं मागतोय. परवा वीरप्पाला गाडीत घालताना वाटलं, मागतोय तर म्याच. वरनं मला काय दिसत न्हाय, म्हणून.'

 आई असती तर यावर काय म्हणावं ते तिला सुचलं असतं.

'माळ म्या घालणार न्हाय,' तो म्हणाला. 'खोटं कशाला बोलू? गळ्यात माळ घालून गावात फिरायची लाज अजून गेली न्हाय माझी. माळ तुमी घाला. परडी म्या धरतो.'

'जोगवा कोण मागायचा?'

'तुमी. तुमचा आवाज लांब जातो, कळलंय सगळ्या बंदराला.'

मग आम्ही दवाखान्यात गेलो. वीरप्पा पाय टांगून पडला होता. आम्हाला एकत्र आत येताना बघून त्यानं दोन्ही हात जोडले. 'सुटलो बाबा पोस्टातनं!' मग म्हणाला, 'आमच्या यल्लव्वालाबी उदोच म्हणतेत बगा. आता सांगा, मला उचललं कुणी, तुमच्या देवीनं का आमच्या?'

अमर म्हणाला, 'क्रेननं.'

वीरप्पाला हसू आलं, आणि हसल्यानं पाय दुखला, आणि त्यानं अमरला कानडीत अशी शिवी दिली की सिस्टरनं आम्हाला बाहेर काढलं.

अमरनं रजेचा अर्ज माझ्याही आधी दिला होता. शिवलीलेनं भरायला लावला होता म्हणे. बायका आपसात काय काय ठरवतात ते आपल्याला शेवटी कळतं.

महारुद्र


२० सप्टेंबर

अक्का,

हे पत्र टपालात टाकलं तर त्याच्या आधी आम्हीच पोचू. म्हणून पानाचा फोटो काढून हर्षालीच्या मोबाइलवर पाठवतोय. कागद खिशात ठेवतो, आल्यावर तुझ्या हातात देईन. तुला कागद हातात लागतो.

संध्याकाळच्या गाडीनं निघतोय. सोलापुरात उतरून पुढं एसटी. शिवलीला बरोबर आहे. उद्या दुपारपर्यंत दारात असू, आणि दोघं असू, त्यामुळं परत पाठवायचं कारण तुझ्याकडं उरत नाही. परवा सकाळी घट बसवायच्या आधी पाच घरं मागू. पहिलं घर तुझं. सासरचं घर म्हणून तू देणारी, आम्ही मागणारे. पीठ चाळून ठेव.

आज सकाळी धक्क्यावर जाऊन आलो. जहाज पाती उतरवून गेलंय. त्या जागी दुसरं लागलंय, साखर भरायला. मोठ्या क्रेनवर दुसराच ऑपरेटर होता आणि खाली दुसराच सिग्नलमन. दोघांचं बरं चाललं होतं. वाईट वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. छातीवर इतके दिवस काहीतरी होतं ते नसल्यासारखं वाटतंय. खोल श्वास घेतला की तो पोटापर्यंत जातो.

अमर इथं बॅग भरतोय. त्याला विचारलं, अक्काला तुझ्याकडून काय लिहू?

म्हणाला, 'लिवा, आरिया.'

मी म्हणालो, 'तिला काय कळायचं?'

'कळतंय. पयल्याच चिठ्ठीत लिवलंय न्हवं तुमी? शिवलीलेनं सांगितलंय मला. खुंटीवरनं परडी खाली काढून ठेव म्हणावं.' मग बॅगेची चेन लावता लावता थांबला. 'हळू.'

महारुद्र
अमर